जुन्या बेसबॉल कार्ड-डीलरांच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

अमेरिकेत साधारण १९५० ते १९८० या काळात जुन्या बेसबॉल कार्डांचा (तंबाखू किंवा च्युइंग गमच्या पाकिटांसोबत मिळणाऱ्या, खेळाडूंची चित्रे असलेल्या छोट्या कार्डांचा) व्यापार ज्यांनी उभा केला, ते बहुतेक डीलर आता हयात नाहीत, आणि ज्यांनी शाळकरी वयात त्यांच्याकडून कार्डे घेतली ते संग्राहकही आज सत्तरीच्या आसपास आहेत. या व्यापाराचे कागद फार थोडे उरले आहेत, कारण व्यवहार बहुधा रोखीने होत, दरपत्रके वाचून झाल्यावर केराच्या टोपलीत जात आणि मेळाव्यांतील घासाघीस कोणी लिहून ठेवत नसे. न्यू जर्सी, शिकागो किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांच्या शेजारी, कचेरीत किंवा मुलांच्या बेसबॉल संघाच्या निमित्ताने असा एखादा जुना संग्राहक ओळखीचा झाला असेल, त्यांना त्याच्या आठवणी नीट नोंदवून ठेवता याव्यात, यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. अशा मुलाखतीत कोणते कार्ड कितीला मिळाले याच्या मागे लागू नये. डीलर माल कुठून आणत, दर्जा कसा ठरवत, गिऱ्हाइकाशी कसे वागत आणि अनोळखी माणसाने त्यांच्यावर भरवसा का ठेवला, हे विचारावे. किमतीची आठवण सर्वांत आधी बिघडते, आणि ती किंमत एखाद्या जुन्या छापील यादीतून पुन्हा मिळूही शकते. माणसाचे वागणे मात्र कोणत्याच यादीत छापलेले नसते.

मुलाखतीला जाण्यापूर्वी थोडा गृहपाठ अनिवार्य आहे. या छंदाची परिभाषा जेफरसन बर्डिक या सिरॅक्यूजच्या संग्राहकाने घडवली. त्याने १९३९ मध्ये कार्डांची पहिली सूची प्रसिद्ध केली, आणि तिच्या पुढील आवृत्त्या ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ या नावाने ओळखल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकातील तंबाखूच्या पाकिटांतील कार्डांना ‘एन’, विसाव्या शतकातील तशाच कार्डांना ‘टी’, १९३० नंतरच्या च्युइंग गमच्या कार्डांना ‘आर’ अशी अक्षरे देऊन त्याने प्रत्येक संचाला क्रमांक दिला. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटींबरोबर निघालेला संच म्हणून आजही ‘टी-२०६’ याच नावाने ओळखला जातो, आणि १९३३ चा गाउडी कंपनीचा संच जुन्या याद्यांत ‘आर-३१९’ म्हणून आढळतो. वृद्ध संग्राहक हे क्रमांक एखाद्या नातेवाइकाच्या नावासारखे सहज उच्चारतात, आणि प्रत्येक वेळी अर्थ विचारत बसल्यास बोलण्याची लय मोडते. बर्डिकने आपला तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला. त्यात सुमारे ३०,००० बेसबॉल कार्डे आहेत. संधिवाताने जखडलेल्या हातांनी तो ती वर्षानुवर्षे वह्यांत चिकटवत राहिला, ते काम जानेवारी १९६३ मध्ये पुरे झाले आणि मार्चमध्ये तो वारला. या संग्रहाचा बराच भाग संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. तो पाहून गेलेल्या मुलाखतकाराला निदान कोणते कार्ड कसे दिसते एवढे तरी ठाऊक असते.

पुढील टप्प्यातील काही नावे आणि वर्षेही पाठ असावीत. च्युइंग गम आणि बेसबॉल कार्डे काढणाऱ्या टॉप्स कंपनीत नोकरी करणारे वूडी गेलमन लाँग आयलंडवरील फ्रँकलिन स्क्वेअर येथून ‘कार्ड कलेक्टर्स कंपनी’ चालवत, आणि टॉप्सचा न खपलेला माल तेथून टपालाने देशभरातील मुलांपर्यंत पोहोचे. विस्कॉन्सिनमधील स्टीव्हन्स पॉइंटचे लॅरी फ्रिट्श १९७० पासून पूर्ण वेळ हाच व्यवसाय करू लागले, आणि देशातील पहिले पूर्णवेळ कार्ड-डीलर म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. ‘द ट्रेडर स्पीक्स’ हे नियतकालिक १९६८ मध्ये आणि ‘स्पोर्ट्स कलेक्टर्स डायजेस्ट’ १९७३ मध्ये सुरू झाले. दोन्हींच्या जुन्या अंकांतील जाहिराती म्हणजे त्या काळातील डीलरांची जणू पटनोंदणीच आहे. ज्या संग्राहकाकडे जायचे, त्याच्या उमेदीच्या वर्षांतील दोन-तीन अंक मिळवून त्यांतील जाहिरातींच्या छायाप्रती बरोबर न्याव्यात. ‘तुम्हांला कोणकोण डीलर आठवतात?’ या प्रश्नाने जे साधत नाही, ते समोर ठेवलेल्या एका जुन्या जाहिरातीने साधते. बोट फिरत फिरत एका नावावर थांबते आणि मग पुढचा अर्धा तास आपल्याला काही विचारावे लागत नाही.

बेसबॉलविषयी आपले ज्ञान तोकडे आहे याचा संकोच बाळगण्याचे कारण नाही. माझा अनुभव असा की, क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे वृद्ध संग्राहक ज्या गोष्टी समजावून सांगतात, त्या ते आपल्या बरोबरीच्या छांदिष्टांपुढे कधीच उच्चारत नाहीत, कारण तेथे त्या गृहीत धरलेल्या असतात. न्यूयॉर्क यँकीज संघाचा नामांकित खेळाडू मिकी मँटल कोण हे मात्र माहीत असावे. तेवढेही अज्ञान कोणी माफ करणार नाही.

प्रत्यक्ष भेटीत आरंभ जागेपासून करावा. एक कोरा कागद पुढे करून त्या डीलरचे दुकान, तळघर किंवा मेळाव्यातील टेबल कसे मांडलेले असे, याचा आराखडा काढण्याची विनंती करावी. दार कुठे होते, मुलांना कुठपर्यंत येऊ देत, महागडी कार्डे काचेखाली असत की डीलरच्या पाठीमागे, बुटांच्या खोक्यांत कार्डे संचाप्रमाणे लावलेली असत की संघाप्रमाणे, हे सारे चित्र काढताना आपोआप आठवू लागते, कारण हात चालू असताना माणूस गोष्ट रंगवण्यापेक्षा तपशील जुळवण्यात गुंततो. एका आराखड्यात खोक्यांच्या रांगेशेजारी मला एक लहानसा चौकोन दिसला. तो कशाचा, असे विचारल्यावर कळले की तेथे ओला रुमाल ठेवलेला असे, आणि हात पुसल्याशिवाय कोणत्याही मुलाला खोक्याला हात लावण्याची परवानगी नव्हती. कार्डांच्या स्थितीबद्दलची ती दक्षता कोणत्या डीलरकडे कधीपासून आली, हा या व्यापाराच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्या चौकोनातून निघाले.

त्यानंतर टपालाच्या व्यवहाराकडे वळावे, कारण मोठ्या शहरांबाहेरच्या बहुतेक मुलांनी आपल्या डीलरचे तोंडही कधी पाहिले नव्हते. मुलगा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नाणी चिकटपट्टीने बसवून पाठवी, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले आणि तिकीट लावलेले पाकीट जोडी, आणि मग कित्येक दिवस पोस्टमनची वाट पाही. येथे नेमके प्रश्न विचारावेत. मागितलेले कार्ड शिल्लक नसल्यास पैसे परत येत, दुसरे कार्ड येई, की पुढील खरेदीसाठी चिठ्ठी मिळे? कार्डे कशात गुंडाळलेली असत? पत्राचे उत्तर टंकलिखित असे की हस्तलिखित, आणि डीलर मुलाला ‘मिस्टर’ म्हणून संबोधत असे का? या शेवटच्या प्रश्नावर मी अनेक चेहरे खुललेले पाहिले आहेत. दहा-बारा वर्षांच्या पोराला आयुष्यात प्रथमच कोणी बरोबरीच्या गिऱ्हाइकासारखे वागवलेले असे, आणि त्याची पुढील निष्ठा कित्येकदा तेवढ्यावरच जडलेली असे.

दर्जाविषयी विचारताना आजची परिभाषा तोंडी येऊ देऊ नये. कार्ड तपासून त्याला आकड्यात श्रेणी देणारी आणि प्लॅस्टिकच्या सीलबंद कवचात घालून देणारी पीएसए ही संस्था १९९१ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी ‘उत्तम’, ‘फार चांगले’, ‘चांगले’ असे ढोबळ शब्द वापरात होते आणि त्यांचा अर्थ डीलरगणिक बदले. तेव्हा ‘तुमचा डीलर ज्याला उत्तम म्हणे त्या कार्डाचे कोपरे कसे असत? सुरकुती चाले का? मागील बाजूस शाईचा डाग असल्यास तो आधी कळवत असे का?’ असे विचारावे. त्याचप्रमाणे नामांकित खेळाडूंच्या कार्डांना वेगळा भाव तो कधी लावू लागला, हेही अवश्य विचारावे. बर्डिकच्या सूचीत काही अपवाद सोडता संचातील सर्व कार्डांना एकच भाव असे, आणि जुने डीलर कित्येक वर्षे तीच रीत पाळत. विलक्षण वाटेल, पण राखीव खेळाडूचे कार्ड आणि मँटलचे कार्ड काही याद्यांत एकाच दराने मिळे. ही रीत कोणी, केव्हा आणि काय कारण देऊन मोडली, याबद्दल संग्राहकांच्या मनात अजूनही ठाम, आणि पुष्कळदा परस्परविरोधी, मते आहेत. ती सगळी जशीच्या तशी टिपावीत.

मालाच्या उगमाविषयीचा भाग सर्वांत रसाळ आणि सर्वांत निसरडाही असतो. काही डीलर गावोगावच्या वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन हॉटेलात खोली घेत आणि लोक माळ्यावरची कार्डे तेथे आणून विकत. काहींना यंत्रातून विकण्यासाठी पाठवलेल्या पाचशे-पाचशे कार्डांच्या टॉप्सच्या पेट्या न फोडलेल्या मिळत. ‘मिस्टर मिंट’ म्हणून प्रसिद्ध झालेले न्यू जर्सीचे ॲलन रोझेन रोख रकमेने भरलेली बॅग घेऊन हिंडत आणि नोटांच्या थप्प्यांसह काढलेली स्वतःची छायाचित्रे जाहिरातींत छापत. १९८६ मध्ये बॉस्टनच्या परिसरात त्यांना १९५२ च्या टॉप्स संचातील कार्डांचा मोठा, जवळजवळ कोरा साठा सापडला. त्यातील मँटलचे एक कार्ड त्यांनी १९९१ मध्ये ५०,००० डॉलरना विकले, आणि तेच कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेले. असा शेवट ठाऊक झाल्यावर मधल्या आठवणी सरळ राहणे कठीण असते. रोझेन यांच्या टेबलापाशी त्या दिवशी आपण उभे होतो, आणि ते कार्ड आपल्याला घेता आले असते, असे सांगणारे बरेच भेटतील. त्यांना खोटे ठरवण्याच्या भानगडीत पडू नये; मेळावा कोणत्या शहरात होता, बरोबर कोण होते, तेथपर्यंत कसे गेलात, घरी येऊन कोणाला सांगितलेत, एवढेच शांतपणे विचारावे. खरी आठवण आजूबाजूच्या अशा क्षुल्लक गोष्टींसह येते, तर ऐकीव गोष्टीत बहुधा केवळ कार्ड आणि किंमत एवढेच असते.

यावरून पडताळणीचा मुद्दा येतो, आणि येथे बहुतेक हौशी नोंदी कमी पडतात. जी गोष्ट सर्वांत गुळगुळीत झालेली असेल तिच्याकडे सर्वांत सावधपणे पाहावे. १९५२ च्या टॉप्स संचातील ३११ ते ४०७ क्रमांकांची उरलेली कार्डे १९६० च्या सुमारास पडावातून नेऊन अटलांटिक महासागरात बुडवली, ही कथा या छंदात सर्वांना मुखोद्गत आहे. तिचा मुख्य आधार टॉप्सचे अधिकारी सी बर्जर यांनी स्वतः वेळोवेळी केलेले कथन हाच आहे. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. परंतु तुमचा संग्राहक ती सांगू लागला, तर त्याने ती कोणत्या डीलरकडून आणि कधी ऐकली, हे विचारावे, कारण ती कथा कार्डे विकताना दुर्मिळतेचा दाखला म्हणून कशी वापरली गेली, ही त्याची स्वतःची, अस्सल माहिती असू शकते.

काळाची गल्लत ओळखण्यासाठी काही खुणा उपयोगी पडतात. जेम्स बेकेट आणि डेनिस एकस यांचे किमतींचे पहिले पुस्तक १९७९ मध्ये निघाले, तर बेकेट यांचे मासिक १९८४ च्या अखेरीस सुरू झाले. म्हणून ‘१९७२ मध्ये डीलरने बेकेट उघडून भाव दाखवला’ हे वाक्य आले की एक तर वर्ष चुकले आहे किंवा पुस्तक. संग्राहकांचा राष्ट्रीय मेळावा प्रथम १९८० मध्ये लॉस एंजेलिस येथे भरला. फ्लीअर आणि डॉनरस या प्रतिस्पर्धी कंपन्यांची नियमित वार्षिक कार्डे टॉप्सच्या बरोबरीने बाजारात आली ती १९८१ मध्ये. टॉप्सच्या कार्डांचा आकार १९५७ मध्ये लहान होऊन अडीच इंच गुणिले साडेतीन इंच असा झाला, तेव्हा ‘सगळी कार्डे एकाच खोक्यात चपखल बसत’ असे सांगितले गेले तर ते खोके कोणत्या वर्षांचे होते याचा अंदाज येतो. अशी विसंगती दिसली तरी बोलणाऱ्याला जागच्या जागी टोकू नये. ती वहीच्या समासात नोंदवून, निरोप घेण्यापूर्वी ‘हे तुमच्या लग्नाआधीचे की नंतरचे?’ अशा एखाद्या घरगुती प्रश्नाने तपासावी; लोक वर्षे विसरतात, पण नोकरी, लग्न, घर बदलणे यांचा क्रम सहसा विसरत नाहीत.

संग्राहकाने जपून ठेवलेले कागद मिळाले, तर त्यांचे वाचन सावकाश करावे. समजा, एक तारीख नसलेले दरपत्रक त्याच्या पाकिटासह हाती आले. डीलरच्या पत्त्यात शहराच्या नावापुढे ‘डेट्रॉइट २७, मिशिगन’ असा एक-दोन आकडी विभाग क्रमांक असेल आणि पाच अंकी पिनकोडसारखा क्रमांक नसेल, तर ते बहुधा १९६३ पूर्वीचे आहे, कारण अमेरिकेत झिप कोड १ जुलै १९६३ रोजी सुरू झाला. अर्थात जुनी छापील पाकिटे काही डीलरांनी संपेपर्यंत वापरली, हे ध्यानात ठेवावे. पाकिटावरील तिकीटही बोलके असते. साध्या पत्राला ऑगस्ट १९५८ पासून ४ सेंट, जानेवारी १९६३ पासून ५, जानेवारी १९६८ पासून ६, मे १९७१ पासून ८, मार्च १९७४ पासून १० आणि १९७५ च्या शेवटच्या दिवसापासून १३ सेंट पडत. छापील मजकुराचा दर याहून कमी असल्यामुळे हा हिशेब केवळ बंद पत्रांना लावावा. यादीची अक्षरे जांभळी असतील तर ती स्पिरिटवर चालणाऱ्या प्रतियंत्रावर काढलेली आहे आणि उजेडाने पुसट होत जाणार आहे. सायक्लोस्टाईलच्या काळ्या अक्षरांना ती भीती कमी. जांभळ्या याद्या प्रथम स्कॅन कराव्यात आणि नंतर अंधारात ठेवाव्यात. कार्डांच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले आकडे, डीलरचा रबरी शिक्का, वहीत चिकटवल्याची डिंकाची खूण यांना बाजारात दोष मानतात, परंतु आपल्या कामात तोच पुरावा असल्याने दोन्ही बाजूंचे स्कॅन घ्यावे आणि काहीही खोडू अथवा सोलू नये.

ध्वनिमुद्रणाच्या तांत्रिक बाजूवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. दोन उपकरणे ठेवावीत, आवाज न आकसवणाऱ्या (अनकॉम्प्रेस्ड) वेव्ह फाइलच्या स्वरूपात मुद्रण करावे आणि फ्रिज गुरगुरत असलेल्या स्वयंपाकघरात बसू नये. संमती मात्र गंभीरपणे घ्यावी. कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स, फ्लोरिडा अशा काही राज्यांत संभाषण मुद्रित करण्यास सर्व सहभागी व्यक्तींची अनुमती कायद्याने आवश्यक आहे, आणि जेथे नाही तेथेही मुद्रणाच्या आरंभी नाव, तारीख व होकार स्पष्ट शब्दांत घ्यावा. पुढे मुलाखत एखाद्या संस्थेला देण्याचा विचार असल्यास वापराच्या हक्कांचे लेखी पत्र त्याच दिवशी सही करून घ्यावे, कारण नंतर वारसांकडून ते मिळवणे अवघड जाते.

फसवणुकीच्या कथा येणारच. कडा कापून टोकदार केलेले कोपरे, रंग भरून झाकलेली झीज, बदललेली कार्डे यांविषयी जुने संग्राहक नावे घेऊन बोलतात. अशा गोष्टी वगळू नयेत, पण प्रसिद्धही करू नयेत. त्या ध्वनिमुद्रणात राहू द्याव्यात आणि त्याच्या लेखी प्रतीत नाव झाकून ‘स्वतः पाहिलेले’, ‘ज्याच्याबाबत घडले त्याच्याकडून ऐकलेले’ आणि ‘सर्वत्र बोलले जाणारे’ असे तीन वर्ग करावेत. कुजबुज नेहमीच निराधार नसते, याचे उदाहरण न्यायालयाच्या दप्तरी आहे. टी-२०६ संचातील होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूचे जे कार्ड पीएसएने सर्वप्रथम श्रेणीबद्ध केले, त्याच्या कडा कापलेल्या आहेत असे संग्राहक वर्षानुवर्षे बोलत होते; १९८५ मध्ये ते विकत घेणारे डीलर बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये त्या कडा कापल्याची कबुली दिली, आणि लिलावांतील गैरव्यवहाराच्या त्या खटल्यात २०१५ मध्ये त्यांना वीस महिन्यांची शिक्षा झाली. परंतु त्या एका कुजबुजीमागे खोट्या निघालेल्या कितीतरी असतील, आणि मेलेल्या डीलरला उत्तर देता येत नाही. शक्य असेल तेथे त्याची मुले, दुकानातील जुना नोकर किंवा शेजारच्या टेबलावरील स्पर्धक यांच्याशी वेगळे बोलावे. स्पर्धकाने केलेली स्तुती मला नेहमीच अधिक वजनाची वाटते.

मुलाखतीची लेखी प्रत मूळ इंग्रजीतच ठेवावी आणि आपली मराठी टिपणे स्वतंत्र वहीत असावीत. भाषांतर करून मूळ टाकून दिल्यास पुढील अभ्यासकाला त्याचा उपयोग होत नाही. पूर्ण झालेली प्रत मोठ्या टंकात छापून संग्राहकाकडे पाठवावी आणि वाचायला निवांत वेळ द्यावा. त्याने सुचवलेली दुरुस्ती मूळ वाक्यात न मिसळता तळटीप म्हणून तारखेसह जोडावी, म्हणजे आधी काय आठवले आणि विचाराअंती काय बदलले, हे दोन्ही राहते. कूपरस्टाउन येथील बेसबॉल हॉल ऑफ फेमचे ग्रंथालय, तसेच १९७१ मध्ये स्थापन झालेली आणि कार्डांसाठी स्वतंत्र समिती असलेली अमेरिकन बेसबॉल संशोधन संस्था ‘सेबर’ यांच्याशी आधी पत्रव्यवहार करून ते कोणत्या स्वरूपातील मुलाखती स्वीकारतात हे विचारून घ्यावे. डीलरचा व्यवसाय एखाद्या लहान गावातला असेल तर तेथील इतिहास मंडळाकडेही एक प्रत द्यावी, कारण त्या डीलरच्या वारसांपैकी कोणी चौकशी करत आलेच, तर ते प्रथम तेथेच येतील.